मनगट असलेलं हत्यार आणि ओटीमागचं सिंक

कुडाळजवळ वीस खाटांचं हॉस्पिटल काढत असलेल्या एका तरुण सर्जन मॅडमचा प्रश्न आलाय. त्यांनी मुंबईत फेलोशिप केली, तिथे ऑपरेशनच्या रोबोटवर हात बसला. आता घरच्या भागात परत येतायत, बँकेचं कर्ज मंजूर झालंय. विचारतायत, "सर, रोबोट इथे परवडणार नाही हे मला कळतं. पण हल्ली हातात धरायची, टोकाला मनगटासारखी वळणारी लॅपची (दुर्बिणीतून ऑपरेशनची) इन्स्ट्रुमेंट्स आली आहेत. त्यांचा सेट घेऊ का? की साध्या सेटवर भागवून रोबोट स्वस्त व्हायची वाट बघू?"

आधी उत्तर देतो, कारणं मग. वळणारं हत्यार घ्याच, पण एकच, तेही नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा), आणि पहिल्या वर्षात नको. रोबोटची वाट बघू नका. आणि कर्जातले पैसे सगळ्यात आधी जिथे घालायचे ती जागा कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही. ती तुमच्या ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) मागच्या दाराशी आहे, जिथे सिस्टर इन्स्ट्रुमेंट्स धुतात.

मी या किनाऱ्यावर सव्वीस वर्षं लॅप करतोय. एवढ्या काळात मॉनिटर चार वेळा बदलला, कॅमेरा तीन वेळा. ग्रास्पर मात्र तोच आहे. १९८० साली कुर्ट झेम यांनी जर्मनीत दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, १९८५ साली एरिश म्यूहे यांनी पित्ताशय काढलं, १९९० साली टेहेम्टन उदवाडियांनी मुंबईत जे. जे.मध्ये आपल्याकडचं पहिलं लॅप कोली, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, केलं. त्या काळातला ग्रास्पर आणि माझ्या ट्रेमधला आजचा ग्रास्पर शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील. एक लांब दांडी, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला चिमटा. पोटाच्या भिंतीत ती टेकलेली असते, म्हणून हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. होडीचं वल्हं ज्याने मारलंय त्याला हे शिकवावं लागत नाही. आत-बाहेर, वर-खाली, डावी-उजवी आणि स्वतःभोवती फिरणं, एवढ्या चार हालचाली. सुई वाकडी धरायची असेल तर टोक वळत नाही, मग आपण वळतो. खांदा उचलतो, कोपर बाहेर काढतो, टेबलावर वाकतो.

रोबोटने नेमकं हेच सोडवलं. दा विंची या सर्जिकल रोबोटला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली तेव्हा लोकांना कन्सोलचं (सर्जन बसतो त्या टेबलाचं) आणि त्रिमितीय चित्राचं कौतुक वाटलं. माझ्या मते खरी करामत ८ मिमी जाडीच्या दांडीच्या टोकाशी होती. तिथे दोन जादा सांधे बसवले. चारात दोन मिळवले सहा, चिमट्याची उघडमीट धरून सात. ते सांधे बारीक तारांनी ओढले जातात, तारा पुलीवरून जातात. राहाटाच्या दोरासारखंच आहे ते, आणि दोरासारख्याच त्या तारा झिजतात. म्हणून त्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंटमध्ये वापर मोजणारी चिप असते. पूर्वी साधारण दहा वापरांनंतर ते बाद व्हायचं, २०२० नंतर काही इन्स्ट्रुमेंट्सची मर्यादा बारा ते अठरापर्यंत वाढवली. म्हणजे यंत्र एकदाच घ्यायचं आणि हत्यारांचं बिल दर केसला भरत राहायचं. रोबोट स्वस्त होईल की नाही यापेक्षा हे बिल किती उतरेल ते बघा.

तर हे मनगट रोबोटपासून सोडवून थेट सर्जनच्या हातात द्यायचं, हा गेल्या काही वर्षांतला कल आहे. कोरियाचं आर्टिसेन्शियल आणि मिशिगन विद्यापीठातून निघालेलं फ्लेक्सडेक्स ही दोन्ही निव्वळ यांत्रिक. तुमचं मनगट वळलं की तारा ओढल्या जातात आणि टोक तसंच वळतं. फ्लेक्सडेक्स तर हातावर बांधून घ्यायचं असतं. इस्रायलच्या हँडएक्समध्ये मोटर आहे, टोक फक्त ५ मिमीचं आहे. कल्पना तिन्ही चांगल्या. एका कार्यशाळेत मी यांत्रिक प्रकारातलं एक तासभर वापरलं. पहिली वीस मिनिटं भयंकर गेली. पंचवीस वर्षं वल्हं मारलेल्या हाताला एकदम नवं मनगट फुटल्यासारखं होतं. मग जमायला लागलं, आणि ओटीपोटाच्या वरच्या भिंतीला टाका घालताना तर मी मनातल्या मनात हसलो. जिथे एरवी दोनदा मान वाकडी करावी लागते, तिथे सुई सरळ काटकोनात शिरली.

पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली, जाड टिश्यूतून सुई ओढताना टोक किंचित लवतं. तार म्हटली की थोडा ढिलेपणा आलाच. सरळ दांडीच्या नीडल होल्डरला जो ठामपणा असतो तो इथे नाही. दुसरी, ते बहुतेक एकदाच वापरून टाकायचं असतं. यावर पुढे बोलतो, कारण आपल्याकडे सगळं तिथेच बिघडतं.

ते लागतं कुठे, ते आधी बघा. तुमच्या पहिल्या वर्षाच्या यादीत काय असेल ते मी इथून सांगतो: पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशयाच्या, बीजकोशाच्या गाठी. मे महिन्यात आंब्याच्या झाडावरून पडलेले पेशंट वेगळेच, त्यांना लॅप नको, सीटी हवा. कोलीला वळणारं टोक शून्य कामाचं. हर्नियात पोटाच्या आतला पेरिटोनियमचा पडदा शिवताना उपयोग होतो, पण तिथे काटेरी धाग्याने आधीच अर्धा प्रश्न सोडवलाय, गाठ मारायची गरजच उरत नाही. फायब्रॉइड (गर्भाशयाची गाठ) काढल्यावर गर्भाशय थरांत शिवणं, मुख्य पित्तनलिका उघडून खडा काढल्यावर ती शिवणं, इथे मनगट खरोखर हवं. अशा केस तुमच्याकडे महिन्याला किती येणार, बोटं मोजून बघा.

आता सिंकपाशी या.

माझ्या ओटीच्या इन्चार्ज सिस्टर मालवणच्या. कंपनीचा माणूस एक वळणारं इन्स्ट्रुमेंट दाखवायला घेऊन आला होता. मी ते हातात फिरवत होतो, तो फीचर्स सांगत होता. सिस्टरनी ते माझ्या हातातून घेतलं, मूठ फिरवून बघितली, टोक फिरवून बघितलं आणि त्याला विचारलं, "ह्यां उघडता खंय?" तो म्हणाला, मॅडम, हे उघडत नाही, डिस्पोजेबल आहे, पण सगळे ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक) करून पाच-सहा वेळा वापरतात. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टरानू, जां उघडूक येणां नाय, तां धुवचां कसां?"

मी त्यांना ते एका कोंबडीच्या तुकड्यावर वापरून दाखवलं. मग त्यांनी एन्झाइमच्या पाण्यात भिजवलं, ब्रशने घासलं, सिरिंजने पाणी मारलं, पुसलं. वरून चकचकीत. रात्रभर पांढऱ्या गॉजवर ठेवलं. सकाळी सांध्याखाली गॉजवर चार आण्याच्या नाण्याएवढा तांबूस डाग होता. आतल्या तारांच्या वाटेत जे शिरलं होतं ते रात्री झिरपून बाहेर आलं. ईटीओचा वायू रक्ताच्या वाळलेल्या थराखाली पोचत नाही. आधी स्वच्छ, मग निर्जंतुक, हा क्रम कुठलंही मशीन उलटवू शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांसारखंच करायचो. दोन केसच्या मध्ये इन्स्ट्रुमेंट्स ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवायची, मग नळाच्या पाण्याने विसळायची. नळाचं म्हणजे विहिरीतून टाकीत चढवलेलं. एका पावसाळ्यानंतर बेंबीच्या पोर्टपाशी (दुर्बिणीच्या भोकापाशी) गाठ आलेली एक बाई आली. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते, जखम कधीच भरलेली. गाठीतून पातळ पाणी यायचं. नेहमीची अँटिबायोटिक्स दिली, काही फरक नाही. साध्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. मग दुसरा पेशंट, मग तिसरा. नमुने मुंबईला पाठवले तेव्हा क्षयाच्या जंतूंच्या कुळातला, पण क्षय न करणारा, झपाट्याने वाढणारा मायकोबॅक्टेरियम निघाला. तो पाण्यात राहतो. त्या तिघांना काही महिने क्लॅरिथ्रोमायसिन द्यावं लागलं, दोघांची गाठ कापून काढावी लागली. बारीक भोकाचं ऑपरेशन म्हणून आलेल्या बाईच्या पोटावर मी उघड्या ऑपरेशनपेक्षा मोठा व्रण ठेवला. वीस मिनिटांच्या त्या बुडवण्याला निर्जंतुकीकरण म्हणतात ते चूक आहे. ते वरच्या पातळीचं डिसइन्फेक्शन, आणि खऱ्या निर्जंतुकीकरणाला त्याच द्रावणात दहा तास लागतात. त्यावर नळाचं पाणी मारलं की सगळं मुसळ केरात.

तेव्हापासून माझा एकच नियम. जे तीन भागांत सुटतं (मूठ, बाहेरची नळी, आतला चिमटा) आणि ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेचं निर्जंतुकीकरण) सोसतं, तेच माझ्या ट्रेमध्ये येतं. अशी सुटी होणारी इन्स्ट्रुमेंट्स बऱ्याच कंपन्या करतात, भारतीयही. किंमत थोडी जास्त, पण दांडीच्या आतून ब्रश जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येताना दिसतो. सेट दोन नव्हे, तीन घ्या. एक वापरात, एक ऑटोक्लेव्हमध्ये, एक तयार. दोन केसच्या मध्ये घाई झाली की माणूस ट्रेमध्ये बुडवतो, आणि तिसरा सेट असला की तो मोह होत नाही. दा विंचीच्या पुढे काय येणार याचा विचार करण्याआधी हा तिसरा सेट घ्या.

आपल्याकडचा दुसरा शत्रू हवा. समुद्रापासून पाच किलोमीटरवर हॉस्पिटल असेल तर खिडकीच्या बिजागऱ्यांकडे बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. कात्रीची आणि चिमट्याची पाती कठीण स्टीलची असतात, कारण धार टिकायला हवी. पण तेच स्टील गंजायला हळवं. मिठातलं क्लोराइड त्याच्यावर आधी सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं, मग त्या खड्ड्यांतून भेग जाते. आणि खारं वारं लांबच राहिलं, आपण स्वतःच इन्स्ट्रुमेंट्स सलाइनमध्ये भिजवून ठेवतो! ट्रेमधलं उरलेलं सलाइन, त्यात मेरिलँड (वाकड्या टोकाचा चिमटा), वरून चहा पिऊन येईपर्यंत अर्धा तास. हे बंद करा. साध्या पाण्यात किंवा एन्झाइमच्या द्रावणात भिजवा, शेवटचं विसळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने, आणि नळीच्या आत कॉम्प्रेस्ड हवा मारून कोरडं. शिलाई मशीनचं तेल सांध्याला घालू नका. त्या थराखाली वाफ पोचत नाही. पाण्यात मिसळणारं इन्स्ट्रुमेंट ऑइल मिळतं, तेच वापरा.

एका पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाऊन तीन दिवस ऑटोक्लेव्ह जनरेटरवर चालवला होता. त्यात पेट्या नीट वाळल्या नाहीत. चौथ्या दिवशी पेटी उघडली तर कात्रीच्या जोडावर नारिंगी पूड. नवी कात्री, आठ महिन्यांची.

आता इन्सुलेशनबद्दल, कारण नवीन सर्जन याकडे बघतच नाहीत. मोनोपोलर हुकच्या (विजेने कापणाऱ्या आकड्याच्या) आणि मेरिलँडच्या दांडीवर जे काळं आवरण असतं त्याला केसाएवढी चीर पडली की करंट तिथून बाहेर येतो. कॅमेऱ्यात आपण फक्त टोक बघत असतो. चीर तर दांडीच्या मध्यावर, चित्राबाहेर असते. आतडं तिथे भाजतं, ऑपरेशन छान होतं, पेशंट घरी जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगून परत येतो. चीर डोळ्याला दिसत नाही. बॅटरीवर चालणारा एक इन्सुलेशन टेस्टर मिळतो. दांडीवरून त्याचा ब्रश फिरवायचा, चीर असली की ठिणगी पडते आणि तो ओरडतो. माझ्याकडे तो आला त्या दिवशी आम्ही हौसेने सगळा ट्रे तपासला. आठातली तीन इन्स्ट्रुमेंट्स ओरडली. त्यातल्या एका हुकने मी त्याच सकाळी पित्ताशय काढलं होतं. सिस्टर काही बोलल्या नाहीत, फक्त तो हुक उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. आजही दर सोमवारी त्या टेस्टर फिरवतात. आणि धातूच्या नळीला प्लास्टिकचा आटा असलेला ट्रोकार (पोटात हत्यार घालायची नळी) घेऊ नका. पूर्ण धातूचा चालेल, पूर्ण प्लास्टिकचा चालेल. मिश्रणात साठलेल्या करंटला पोटाच्या भिंतीत पसरून जायला वाट मिळत नाही.

हार्मोनिक आणि व्हेसल सीलर (रक्तवाहिन्या कापणारी, बंद करणारी हत्यारं) तुम्ही घेणारच, त्यावर फार लिहीत नाही. हार्मोनिकचं पातं सेकंदाला ५५,५०० वेळा थरथरतं आणि बटण सोडल्यावरही काही वेळ तापलेलं राहतं. लगेच आतड्याला लावू नका. जबड्यातली पांढरी टेफ्लॉनची पट्टी झिजून पिवळी, खाचेची झाली की ते टाका, कितीही जीव तुटला तरी. हार्मोनिक पुन्हा वापरण्याचा सगळ्या महाराष्ट्रातला प्रघात मला ठाऊक आहे, मीही त्यातला आहे, त्यामुळे सोवळेपणा करत नाही. पण कितव्यांदा वापरतोय हे ज्या डॉक्टरला सांगता येत नाही त्याने ते वापरू नये. आम्ही केबलवर पट्टी चिकटवून रेघा मारतो.

क्लिप अप्लिकेटरचंही (नळीला धातूची चाप लावायच्या हत्याराचंही) तसंच. केसच्या आधी एक क्लिप हवेत मिटवून बघा. दोन्ही पाय टोकाशी आधी भेटले पाहिजेत आणि एकमेकांवर चढता कामा नयेत. कैचीसारखे चढत असतील तर ती सिस्टिक डक्टवरून (पित्ताशयाच्या नळीवरून) घसरणार. आणि गाठ मारायला शिका; बाहेरून बांधून आत सरकवायची गाठ एका धाग्यात होते, आणि घाट बंद पडून माल अडकला तरी ती अडत नाही.

मुठींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा ग्लोव्ह सहा किंवा साडेसहाचा असणार. ही हत्यारं साडेसातच्या हातांसाठी घडवलेली आहेत. अंगठा कड्यात रुतून बसतो, तासाभराने अंगठ्याची बाहेरची कड बधिर होते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीचा अंगठा दोन आठवडे बधिर होता आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. अंगठा कड्यात पूर्ण घालू नका, नुसता टेकवा. नीडल होल्डर सरळ मुठीचा घ्या, कड्यांचा नको. टेबल इतकं खाली घ्या की मूठ कोपराच्या पातळीला येईल. तरीही उंच वाटलं तर पायाखाली पाट घ्या. तोरा काही कमी होत नाही. स्टेपलर लागलाच तर बॅटरीवरचा मागवा, हाताने दाबायच्या स्टेपलरला लहान पंजात ताकदच बसत नाही. नव्या मुठींमध्ये हे हळूहळू सुधारतंय. ह्या क्षेत्रातला मला सगळ्यात आवडलेला बदल हाच, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही.

राहिला रोबोट. कल स्पष्ट आहे. व्हर्सियससारख्या यंत्रांची हत्यारं ५ मिमीवर आली आहेत, गुरुग्रामची एसएसआय मंत्रा ही भारतीय बनावटीची यंत्रणा चालू झाली आहे, आणि २०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या दा विंची ५ मध्ये ओढ किती लागतेय ते सर्जनच्या हाताला कळतं. हे वाचून मला जरा मौज वाटली. आपल्या सरळ दांडीतून टिश्यूची ओढ पहिल्या दिवसापासून हाताला कळतेच की! ती रोबोटने काढून घेतली होती, आता पुन्हा किंमत लावून परत दिली. तरी चेष्टा करत नाही. प्रोस्टेट, रेक्टम, अवघड गर्भाशय या केस मुंबई-पुण्याला पाठवताना मी रोबोट असलेल्या सर्जनचं नाव आवर्जून सुचवतो. तुम्हीही तिथे महिन्यातून एक दिवस जाऊन केस करत राहा, हाताची सवय मोडू देऊ नका. पण तुमच्या वीस खाटांच्या इमारतीत त्या यंत्राला पुरेशा केस मिळणार नाहीत, आणि जुलैत ते बंद पडलं तर इंजिनियर घाटाच्या पलीकडे असेल.

तर क्रम असा धरा: आरओ आणि अल्ट्रासॉनिक क्लीनर, चांगला ऑटोक्लेव्ह, सुटे होणारे तीन सेट, टेस्टर, मग एनर्जी (हार्मोनिक, व्हेसल सीलर). वर्षभराने केसची वही उघडा. आत टाके घालायच्या केस महिन्याला चार-पाच भरल्या तर तेव्हा वळणारा नीडल होल्डर मागवा, आणि मागवण्याआधी तो तुमच्या सिस्टरच्या हातात द्या.

तोपर्यंत सरावाला माझ्याकडे एक पेटी आहे. हापूसची लाकडी पेटी, वरच्या फळीला दोन भोकं, आत एलईडीची पट्टी आणि जुना वेबकॅम. बाजूला देवगडच्या बागायतदाराचा शिक्का अजून वाचता येतो. तीन मुलं तिच्यावर टाके घालायला शिकली. रविवारी या आणि घेऊन जा, नीडल होल्डर मात्र तुमचा आणा, माझा मी कुणाला देत नाही.